हॅडलीशी काडीमोड

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओरेगनमधल्या आमच्या कॉलेजचा आणि नदीपलीकडच्या हॅडली कॉलेजचा फुटबॉल सामना माझ्या आजोबांच्या लहानपणापासून चालत आलेला. मग टीव्हीवाल्यांनी गाजर दाखवलं आणि आमचे क्रीडा संचालक बर्केट यांनी हॅडलीबरोबरची जुनी लीग सोडून थेट पूर्व किनाऱ्यावरची बडी लीग धरली. "हॅडलीसारख्यांशी खेळून आपलीच किंमत कमी होते," असं ते म्हणाले आणि आम्हीही टाळ्या पिटल्या.

दोन वर्षं आमची पोरं विमानानं अख्खा देश ओलांडून मार खाऊन येत होती. सामन्याआधी स्टेडियमच्या पार्किंगमध्ये सॉसेज भाजता भाजता आमच्यातला म्हातारा व्हर्लिन करवादायचा, "तिकडे हरलं तर कुणी साधं चिडवतसुद्धा नाही रे! हॅडलीवाले निदान दारात येऊन बोंबलायचे."

परवा बर्केट मैदानावर माईक घेऊन उभे राहिले. आमच्या लीगनं आणखी एक कॉलेज घेतलं होतं. हॅडली!

व्हर्लिनच्या डोळ्यांत पाणीच आलं. "चला रे, चालत जाऊ! पूल ओलांडला की पोचलो!"

"पूल कशाला?" बर्केट हसले आणि पुढे म्हणाले,

"सामना फ्लोरिडात ठेवलाय. दोघांनाही सारखंच अंतर पडावं म्हणून."