भूक काढून टाकली

हरतालिकेचा निर्जळी उपवास जड जाऊ नये म्हणून सुलक्षणाने सकाळीच सासूबाईंदेखत मोबाइलवरून डोक्यातल्या चिपला भूक काढून टाकायची आज्ञा टाइप केली. पडद्यावर उमटलं, ‘भुकेवर अवलंबून असलेल्या आणखी सहा गोष्टीही जातील. पुढे जायचं?’ पूजेची घाई होती. यादी न वाचताच तिने ‘हो’ लिहिलं.

दुपारी पाळण्यातली तीन महिन्यांची लेक रडून लालबुंद झाली.

“अगं, घे ना तिला पाजायला! उपवास तुझा आहे, तिचा नाही,” सासूबाई म्हणाल्या.

सुलक्षणा पाळण्याशी शांत उभी होती. पदर दुधाने भिजला होता.

“आई, ही तोंड उघडून काय मागतेय?”

सासूबाई चरकल्या. “आधी ती भूक परत बसव गं बाई!”

“बसवते की,” सुलक्षणा हसून म्हणाली. “उद्या, उपवास सुटल्यावर.”