अवघड मान

बारा दिवस पेशंटच्या तोंडातून नळी होती. आता गळ्याला छेद देऊन श्वासाची नळी बसवायची, म्हणून अतिदक्षता विभागात कालच रुजू झालेली डॉक्टर मान चाचपत होती. मान आखूड, जाडजूड, तसूभरही मागे जाईना. श्वासनलिका बोटाला लागेना आणि नेमक्या छेदाच्या जागी एक रक्तवाहिनी उडत होती. डॉक्टरनं हात मागे घेतला.

"सिस्टर, हे माझ्या हातचं काम नाही. अशा माना इथं कोण करतं?"

"आजवर एकच सर करत आलेत, मॅडम. दुसरं कुणी धजत नाही."

"मग त्यांना लगेच बोलवा."



सिस्टरनी पेशंटच्या अंगावरची चादर नीट केली आणि हलकेच म्हणाल्या, "हेच ते सर."