ओलं दाखवायचं नाही

“आनकी चार पेंढ्या टाका हिकडं,” भाऊसो ओरडले. “मोटर दिसतीया की अजून!”

आटपाडीच्या त्या माळावर सकाळपासून बोअर लपवायचं काम चाललं होतं. माळ सपाट करून, रस्ते आणि वीज आणून तिथं लहान कारखान्यांची वसाहत करायची होती. त्यासाठी सरकारी अनुदान मिळणार की नाही, ते आज ठरणार होतं. जागा बघायला उद्योग खात्याच्या शरयू मॅडम सांगलीहून निघाल्याही होत्या.

भाऊसो वसाहतीच्या संस्थेचे चेअरमन. त्यांचं उभं आयुष्य दुष्काळाच्या पाहण्या उरकण्यात गेलेलं. साहेब यायचे म्हटलं की ओलं झाकायचं आणि वाळलेलं पुढं करायचं. टँकर असो, चारा छावणी असो, सरकारचा हात भेगा बघूनच सैल होतो, हे त्यांचं पक्कं गणित. त्यामुळे संस्थेच्या जागेत बोअरला भरपूर पाणी लागलं, तेव्हा पेढे वाटायचे सोडून या गृहस्थांना घोर लागला. अर्जात पाण्यापुढं त्यांनी स्वतःच्या हातानं ठळक ‘नाही’ लिहिलं.

राहिली होती बयाबाईची डाळिंबं. बयाबाई माळाची राखण करायची. बोअरच्या पाण्यावर तिनं ती झाडं पोरांसारखी वाढवली होती.

“झाडं काढाय पायजेत, बयाबाई,” भाऊसो जरा चाचरतच म्हणाले.

तिनं कमरेचा कोयता काढला. “काढते. पर माजा जयराज घरला येईल न्हवं?”

“आवं, अनुदान आलं की शेड हुबी ऱ्हात्याती. पयली नोकरी त्याचीच.”

जयराज तिचा एकुलता एक. तालुक्यातल्या निम्म्या पोरांसारखा तोही गलाईच्या धंद्यात, केरळात कुठल्याशा दुकानात सोनं वितळवत बसलेला. गेल्या खेपेला घरी आला, तेव्हा त्याची स्वतःची मुलगी आत पळाली आणि आईला म्हणाली, “पाव्हणं आल्याती.” ते ऐकल्यापासून बयाबाईच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

तिनं झाडं स्वतःच तोडली. ज्या पदरानं कोयता पुसला, त्याच पदरानं डोळेही पुसले.

दुपारी मॅडम आल्या. तरण्या, साध्या, बोलायला गोड. उन्हात सगळा माळ पायी फिरल्या. कुसळं आणि खडकाशिवाय काही नव्हतं.

“पाण्याची काहीच सोय नाही?” त्यांनी विचारलं.

“थेंब न्हाई, मॅडम,” भाऊसो उत्साहानं म्हणाले.

“आसपास एखादी जुनी विहीर?”

“त्यात बी धुरळाच हाय.”

मॅडमचा चेहरा उतरला. आपल्या हालांनी बाईंच्या काळजाला हात घातला, म्हणून भाऊसो मनातून खूष झाले. मॅडमनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून बराच वेळ लिहिलं, सही केली आणि हात जोडले. “कळवते सांगलीहून. तुमच्या लोकांची तळमळ दिसते हो.” एवढं बोलून त्या गाडीत बसल्या. बयाबाईकडं त्यांनी बघितलंही नाही.

भाऊसोंनी टोपी काढून घाम पुसला. गंगेत घोडं न्हालं! छातीवरचा धोंडा उतरला होता.

“थांबा, बाई!” कपाळभर कुंकू लावलेली बयाबाई पळत आली. “लेकीबाळीला मोकळ्या वटीनं धाडत न्हाईत आमच्यात.”

मॅडमनी खाली उतरून पदर पसरला. बयाबाईनं त्यात ओंजळभर गहू घातले आणि नारळाच्या जागी एक डाळिंब ठेवलं.

“केवढं टपोरं आहे!” मॅडम म्हणाल्या. “बाजारातलं?”

भाऊसो जोरजोरात खोकले. बयाबाईनं त्यांच्याकडं बघितलं, मग ओटीकडं बघितलं.

“ह्याच मातीतलं हाय, बाई. भरल्या वटीवर खोटं न्हाई बोलायची मी.”

आणि कुणी अडवायच्या आत तिनं कडब्याच्या पेंढ्या ओढून काढल्या, मोटर चालू केली. मनगटाएवढी धार खडकावर आदळली. मॅडमच्या चपला भिजल्या, कडेला पडलेली डाळिंबाची तोडलेली खोडंही भिजली. बयाबाईला जयराजची मुलगी आठवली आणि तिला उभ्यानंच रडू फुटलं. आपल्या हातानं आपण पोराची वाट बंद केली!

मॅडम गाडीकडं गेल्या. मघाचा सही केलेला कागद त्यांनी काढला आणि टराटरा फाडून टाकला.

“मॅडम, पाया पडतो,” भाऊसो कळवळले. “म्हातारीची चूक पोटात घाला. आमची मंजुरी फाडू नका.”

“मंजुरी?” शरयू मॅडम धारेखाली ओंजळ धरत म्हणाल्या. “अहो, पाण्यावाचून कारखाने कुठले चालायला, म्हणून मी तुमची जागा नामंजूर करून निघाले होते.”