अर्धा तास

बेसमेंटमध्ये शिवलेली वृंदाची ही तिसरी जीन्स. पहिल्या दोन्ही आरशासमोर मापात होत्या, पण तासाभरात कमरेवरून घसरल्या. “तुला जमायचं नाही, मॉलमधून आण,” नवरा मित्रांदेखत खिदळला. काल कापडाच्या दुकानातल्या म्हातारीने चूक दाखवली: स्ट्रेच डेनिम अंगावर सैलावतं, म्हणून घालून अर्धा तास बसायचं, मगच टाचण्या लावायच्या. “बसली होतीस?” प्रश्नासरशी वृंदाच्या डोक्यात तिडीक गेली. कॅल्गरीतल्या अकरा वर्षांत ती सलग अर्धा तास बसली होती कधी? आज जीन्स चढवून ती हट्टाने बसली. सातव्याच मिनिटाला वरून मुलगा ओरडला, “आई, व्हेअर इज माय जर्सी?” पाठोपाठ नवरा, “अगं, मंडळी आलीत, चहा टाक!” सवयीने ती उठलीच. मग दातओठ खात पुन्हा बसली आणि कडाडली, “चहा तूच टाक! तुमच्यामुळे उठले, आता अर्धा तास पहिल्यापासून!”