खोटे चार दिवस

लोणावळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट उघडला, तशी कुरवंड्याची सरूबाई खुर्चीत पुढं सरकली. शेजारी लेक मानसी बसलेली. लग्नाला सहा वर्षं झालेली, मूल न्हाई. सरूबाईच्या आईची पाळी तिशीतच गेली आन् पन्नाशीआधी आईबी गेली. तोच दोष लेकीत उतरलाय का बघाया बाईंनी जीन का काय ते तपासलेलं. बाई हसल्या. “मावशी, तुम्ही मला बाजूला सांगितलंत तशी तुमची पाळीसुद्धा चौतिसाव्या वर्षी गेली, पण मानसीत तो दोष नाही. मूल व्हायला भरपूर वेळ आहे.” सरूबाईनं खुर्चीतनंच हात जोडले, छातीवरचा धोंडा उतरला. मानसी मात्र गर्रकन आईकडं वळली. “चौतिसाव्या? आई, तू तर पन्नाशीपातुर महिन्याला चार दिवस बाजूला बसायचीस!” “मग? कळलं असतं तर माझ्या सासूनं पोरासाठी माझ्यावर सवत आणली असती. वर सोळा वर्षं म्हातारीच्या हातचं आयतं जेवले की गं!”