शंभर धरा

टेबलावर तेहतीस उत्तरपत्रिका होत्या, एक लाल पेन होतं आणि साय धरलेला चहा होता. बरोबर उत्तरं तेहतीस. चूक एकही नाही. मधुवंतीने गठ्ठा उलटा केला आणि पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतला.

महाळुंग्यातल्या या शाळेत आठवीला ती गेले काही आठवडे विज्ञान शिकवत होती. प्रश्नोत्तरं लिहून देऊन नाही, प्रयोग करून. आधी बघायचं, मग बोलायचं. तिच्या एम.एड.च्या प्रबंधाचा विषयच तो होता : प्रयोग समोर पाहिला की मूल स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला शिकतं का? म्हणून शेवटच्या चाचणीत तिने मुद्दाम विचारलं होतं, ‘आपण वर्गात केलेल्या प्रयोगात पाणी किती अंशांना उकळले?’

सगळ्यांनी लिहिलं होतं, शंभर.

एका पेपरवर मात्र शंभरच्या खाली कागद खरवडलेला होता. तिने तो खिडकीपाशी उजेडात धरला. बाहेर एक कंटेनर कंपनीच्या गेटातून मागे येत होता, त्याची टीं-टीं काही केल्या थांबेना. पुसलेला आकडा हळूहळू वाचता आला. अठ्ठ्याण्णव. पेपर तनुजाचा.

फोन वाजला. आकुर्डीच्या कॉलेजातून अरुंधती मॅडम, तिच्या मार्गदर्शक.

“पाचच्या आत ये गं. सही करून टाकते. किती आले बरोबर?”

“सगळेच, मॅडम. पण...”

“मग रडतेस काय? लोकांना साठ टक्के दाखवताना नाकी नऊ येतात.”

“त्या दिवशी पारा अठ्ठ्याण्णवच्या वर गेलाच नव्हता, मॅडम.”

“अगं, मग बरोबरच आहे की! आपण समुद्रावर राहतो का? इतक्या उंचीवर अठ्ठ्याण्णवच यायचं. पण पुस्तकात शंभर आहे, पोरांनी शंभर लिहिलं, परीक्षकही शंभरच बघणार. आता खुसपट काढत बसू नकोस. प्रबंध द्यायची उद्याची तारीख हुकली तर वर्ष गेलं. आणि आपल्या कॉलेजातली ती लेक्चररची जागा काय वर्षभर तुझी वाट बघत बसणार आहे?”

मधुवंतीने फोन ठेवला. दोनदा पेनाचं टोपण लावलं, दोनदा काढलं. मग पेपर घेऊन तरातरा वर्गात गेली.

मधली सुट्टी होती. डबे उघडलेले. वर्गभर ठेच्याचा वास.

“तनुजा, हा आकडा का पुसलास?”

तनुजाचा घास हातातच राहिला. मागच्या बाकावरून ओंकार ओरडला, “कॉपी मारली मॅडम तिनं! माझं बघून शंभर केलं.”

“तुझं कोण बघतंय रं? तुला अजून सेल सुलटा बसवता येत न्हाई!”

“ओंकार, गप बस. तनुजा, तू अठ्ठ्याण्णव पाहिलं होतंस ना?”

“समद्यांनीच पाहिलं.”

“मग खोटं का लिहिलं?”

“खोटं?” तनुजाने मधुवंतीकडे जरा जपूनच पाहिलं. ही आणखी एखादी चाचणीच असावी, तसं. “तुमीच म्हणला ना मॅडम. थर्मामीटर जुना हाय, शंभर धरा.”

दोघातिघांनी माना हलवल्या. कोणालाच त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

मधुवंतीला ते आठवलं. तासाची घंटा व्हायला आली होती, मुलं दिव्याभोवती दाटीने उभी होती, आणि ती बोलून गेली होती. विचार करायचीसुद्धा गरज पडली नव्हती. बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत सगळी बॅच हेच करायची. पुस्तकातलं उत्तर आधी, त्याला जुळणारी रीडिंग मागाहून. बाहेरून येणाऱ्या परीक्षकाने तिला त्याबद्दल पैकीच्या पैकी गुण दिले होते.

ती रिकाम्या बाकावर टेकली, लगेच उठली. फळ्यापर्यंत गेली, परत आली. मुलांचं खाणं थांबलं होतं. कुणाचा तरी चमचा खाली पडला, तोही कोणी उचलला नाही.

फोन पुन्हा थरथरला.

“निघालीस का?” अरुंधती मॅडमचा आवाज घाईत होता. “टायपिंगवाला इथे बसून आहे. शेवटच्या तक्त्यात तेवढा आकडा भरायचा राहिलाय. प्रयोगात जे दिसलं ते किती मुलांनी लिहिलं? तू नुसतं सांग, बाकीचं मी बघते.”

मधुवंतीने तनुजाकडे पाहिलं.

“तेहतीसपैकी शून्य.”