ओली काटकी

नवऱ्याचं तिच्या आईशी वाजलं आणि तिचं माहेर तुटलं. पण ओढ्यापलीकडचं आईचं छप्पर दारातून दिसायचंच. एकटी राहणाऱ्या आईच्या चुलीचा धूर रोज सकाळी वर निघाला, की तिचा जीव भांड्यात पडायचा. मग तीही चूल पेटवून उत्तर धाडायची. पुढे घरात बिनधुराची चूल आली. सासूचा खोकला थांबला, रानातली मोळी दुप्पट दिवस पुरू लागली. तरी ती रोज एक ओली काटकी आत सारायचीच, आईसाठी. आज पलीकडे धूर नव्हता. "आईला बघून येऊ?" तिने विचारलं. "म्हातारीलाही नवी चूल मिळाली असेल. उंबरा ओलांडायचा नाही," नवरा म्हणाला. आईनेही ओली काटकी घातलीच असती, हे त्याला कसं सांगणार? तिने चुलीत ओला पाला कोंबला. घर धुराने भरलं, सासू खोकू लागली. पलीकडचं आभाळ निर्मळच राहिलं.